फाईल नवी, सर्टिफिकेट जुनंच

समुद्रपूर तालुक्यातल्या गावात बसून मी वायगाव हळदीच्या एका ऑनलाइन दुकानाचे तीन सर्व्हर सांभाळतो. सर्टिफिकेट म्हणजे साइट खरी असल्याचं ब्राउझरला पटवणारी, ठराविक मुदतीची फाईल. मी जिथं आपटलो तिथंच येतो.

फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं. ३० दिवस उरले की सर्टबॉट नावाचा प्रोग्राम आपोआप नवं आणतो. माझी स्क्रिप्ट ते पहिल्या सर्व्हरवरून बाकी दोघांवर कॉपी करायची. मला वाटलं, झालं काम.

पण एनजिनएक्स, म्हणजे सर्व्हरवरून साइट दाखवणारा प्रोग्राम, ती फाईल वाचतो सुरू होताना. पुढं डिस्कवर काहीही बदला, रीलोड केल्याशिवाय तो मेमरीतलं जुनंच देत राहतो. माझे दोन सर्व्हर अपडेटच्या निमित्तानं रीस्टार्ट झाले होते, तिसरा नाही. जुन्याची मुदत अजून महिनाभर होती, म्हणून त्या दिवशी काहीच बिघडलं नाही. महिन्यानं बिघडलं, तेही तिसऱ्या सर्व्हरवर जाणाऱ्या गिऱ्हाइकांपुरतं.

"भाऊ, पैसे कटले, पण ऑर्डर दिसून नाही राहिली!" पेमेंट गेटवेचा निरोप तिथं पोचला की मुदत संपलेली बघून परत फिरायचा. माझा ब्राउझर मात्र पहिल्याच सर्व्हरवर जायचा, सगळं ठीक दाखवायचा. लाइन गेलेली, हॉटस्पॉटवर दोन रात्री मी कोडमध्ये चूक शोधत बसलो. कोडात काही नव्हतंच.

म्हणून डिप्लॉय हुकमध्ये, म्हणजे नवं सर्टिफिकेट आलं की सर्टबॉट चालवतो त्या स्क्रिप्टमध्ये, कॉपीनंतर तिन्हींचा रीलोड लिहाच. आणि फाईलची तारीख बघून खूश होऊ नका. ओपनएसएसएल या साधनाच्या एस-क्लायंट कमांडनं प्रत्येक सर्व्हरच्या आयपीला (त्याच्या स्वतःच्या पत्त्याला) जोडा, सर्व्हरनेम या पर्यायात डोमेन, म्हणजे साइटचं नाव, द्या, मग तारीख वाचा. नुसत्या डोमेननं तपासलं तर कोणता सर्व्हर बोलला ते कळतच नाही.

एक सिनियर म्हणाले, "प्रायव्हेट की (सर्टिफिकेटची गुप्त किल्ली) व्हॉट्सअ‍ॅपवर टाक, मी लावून देतो." असल्या गुरूला लांबूनच नमस्कार. दुसरे म्हणाले, वर्षाचं विकत घे. पण १५ मार्च २०२६ पासून कमाल मुदतच २०० दिवसांवर येते आणि २०२९ मध्ये ४७ वर. हातानं किती वेळा लावाल? मुदत संपत आल्याचा लेट्स एन्क्रिप्टचा मेलही जून २०२५ पासून बंद आहे.

घाबरू मात्र नका. स्टेजिंगवर, म्हणजे लेट्स एन्क्रिप्टच्या सरावाच्या सर्व्हरवर, मनसोक्त चुका करा. खऱ्यावर तेच सर्टिफिकेट आठवड्यात पाचदाच मिळतं.

आता रोज सकाळी एक स्क्रिप्ट तिन्ही तारखा मला पाठवते. तिसऱ्याची मी तरीही हातानं बघतोच.