एलिस बेटावरची स्टिरिओकार्डे कशी पाहावीत

एकाच दृश्याचे जरा वेगळ्या कोनांतून घेतलेले दोन फोटो, एका पुठ्ठ्यावर शेजारी-शेजारी चिकटवलेले, म्हणजे स्टिरिओकार्ड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी शाळांना अशा कार्डांचे संच विकले जात. अंडरवूड अँड अंडरवूड आणि कीस्टोन व्ह्यू कंपनी ही त्यातली मोठी नावे. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर, म्हणजे स्थलांतरितांच्या तपासणी-नोंदणीच्या ठाण्यावर, उतरणारे स्थलांतरितही या कार्डांवर भेटतात. एकट्या 1907 साली त्या बेटावरून दहा लाखांहून अधिक माणसे अमेरिकेत गेली.

आधी कार्ड मिळवा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर ती मोफत उतरवून घेता येतात. सर्वांत मोठी फाइल घ्या, नाहीतर चेहरे पुसट येतात.

आता चित्राला खोली आणायची. जुन्या स्टिरिओस्कोपची भिंगे दोन्ही चित्रे एकावर एक आणत. भिंगाविना पाहायचे तर चित्र इतके लहान करा, की दोन्हीकडच्या त्याच माणसाच्या नाकांमध्ये सहा सेंटिमीटरहून कमी अंतर राहील. मोबाइलवरही जमते. चित्र नाकाजवळ धरा, दूर क्षितिजाकडे बघावे तशी नजर सैल सोडा आणि हात हळूहळू लांब न्या. दोनाची तीन चित्रे होतील. मधल्यावर थांबा. डोळ्यांवर ताण आला तर विश्रांती घ्या, पण नाद सोडू नका.

कार्डाच्या मागे छापलेला मजकूर इतक्यात वाचू नका, हे मी आग्रहाने सांगतो. आधी पुढची गाठोडी आणि पेट्या, मग माणसे, मग भिंत, अशी नजर आत न्या. सपाट फोटोत एकजीव वाटणारी गर्दी इथे सुटी होते आणि एकेक माणूस आपापल्या जागी उभा राहतो. कोटाला अडकवलेली चिठ्ठी शोधा, तिच्यावर जहाजाच्या यादीतला क्रमांक असे. खडूची खूणही शोधा. डॉक्टरांना डोळ्यांची शंका आली की ते कपड्यावर ‘ई’ लिहीत, हृदयाची आली की ‘एच’.

साल ठरवताना कार्डावरच्या कॉपीराइटच्या वर्षावर विसंबू नका, फोटो त्याआधीचा असू शकतो. नोंदणीच्या मोठ्या दालनात लोखंडी कठडे दिसले, तर तो साधारण 1911 पूर्वीचा. नंतर तिथे बाके आली. छताला कमानदार फरशी दिसली, तर 1918 किंवा नंतरचा. जवळच्या दारूगोळ्याच्या साठ्याच्या 1916 मधल्या स्फोटात जुने छत खराब झाले होते.

आता कार्ड उलटा. मजकूर कंपनीने शाळकरी मुलांसाठी लिहिलेला आहे. फोटोतली माणसे त्यात बोलत नाहीत. म्हणून प्रत्येक वाक्याला विचारा, हे चित्रात दिसते का? कीस्टोनने पुढे अंडरवूडच्या निगेटिव्ह विकत घेतल्या, म्हणून तेच चित्र वेगळ्या मजकुरासह सापडले, तर दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

आणि चित्रात कोण नाही, तेही लिहून ठेवा. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी बहुधा जहाजावरच उरके. चिनी मजुरांना 1882 पासूनच बंदी होती, आणि 1917 च्या कायद्याने हिंदुस्थानातल्या मजुरांनाही दार बंद झाले.