ईमेलचा धागा भरकटला की नवा कसा काढायचा (माझा अनुभव)

आमच्या ग्रुपमध्ये मीटिंगच्या तारखेवर सुरू झालेला धागा (म्हणजे एक मेल आणि त्यावरच्या उत्तरांची साखळी) हळूहळू बजेटवर जायचा, मग कोणीतरी प्रिंटरचं काढायचं, आणि सब्जेक्ट मात्र तोच, 'रि: मीटिंगची तारीख'. महिन्याभराने बजेटचा आकडा शोधायला गेलं की सापडणार कुठे, डोंबल!

आधी वाटलं रिप्लाय करताना सब्जेक्ट बदलला की झालं. जीमेलमध्ये चालतं ते, सब्जेक्ट बदलला की वेगळं कॉन्व्हर्सेशन, म्हणजे वेगळा धागा होतो. पण थंडरबर्ड (मेल वाचायचं एक सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांना तो मेल जुन्याच धाग्यात दिसायचा, कारण रिप्लाय दाबलं की मेलच्या हेडरमध्ये (मेलसोबत जाणारी, एरवी न दिसणारी माहिती) 'इन-रिप्लाय-टू' आणि 'रेफरन्सेस' या ओळी जातात, त्यात आधीच्या मेलचा मेसेज-आयडी (त्या मेलची खास ओळखखूण) असतो आणि थंडरबर्ड त्यावरूनच धागा जोडतो. वरचं नाव काहीही लिहा, आतली नाळ तशीच.

म्हणून आता रिप्लाय दाबतच नाही. सरळ कंपोझ, नवा सब्जेक्ट ('बजेट: प्रिंटरचा खर्च', नुसतं 'बजेट' नको), ज्यांचा संबंध आहे तेवढेच लोक, आणि ज्यावर बोलायचंय ती दोन-चार वाक्यं जुन्या मेलमधून कॉपी करून वर टाकायची, अख्खी शेपूट नाही. पत्ते परत टाकायचा कंटाळा येतो, पण तेव्हाच कळतं की निम्म्यांना हे वाचायचंच नव्हतं.

जुन्या धाग्यात एक ओळ टाकतो, 'बजेटचं वेगळ्या मेलमध्ये बोलतोय, इथे फक्त तारीख'. ही ओळ नसली तर लोक दोन्हीकडे उत्तरं देत बसतात.