चावीच्या दुकानाचं सामान विकताना बिलं नसतील तर (माझा अनुभव)

काकांचं सोलापुरातलं चावीचं दुकान बंद केलं. गिऱ्हाईक पंढरपूरचं. भाव ठरला, पण मूळ बिलं नाहीत म्हणून त्याचं बँकेत कर्ज अडलं.

साध्या कागदावरची पावती चालली नाही. 'जुनं सामान, एकरकमी' असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्रही परत आलं. हेलपाटे मारून जीव मेटाकुटीला आला.

शेवटी जमलं ते या क्रमानं. आधी यादी. चावी कापायच्या मशीनचा सिरियल नंबर पत्र्याच्या पट्टीवर असतो. रॉकेलच्या बोळ्यानं ग्रीस पुसलं तेव्हा दिसला. तिजोरीला नंबरच नव्हता, म्हणून तिची मापं आणि डाव्या बिजागरीजवळचा पोचा लिहिला, फोटो लावला.

कुलूप उघडायच्या तारा वेगळ्या पानावर. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 चं कलम 122 बघा: सूर्यास्त ते सूर्योदय घरफोडीचं हत्यार योग्य कारणाशिवाय जवळ सापडलं तर गुन्हा. म्हणून त्या पानाला घेणाऱ्याच्या दुकानाचं शॉप अॅक्टचं प्रमाणपत्र जोडलं.

मग 500 च्या स्टॅम्पवर विक्री करारनामा: वस्तूवार किंमत, कुणाचा बोजा नसल्याची हमी, खात्यावर आलेल्या इसाऱ्याचा यूटीआर नंबर (बँकेतून पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक), ताब्याची अट. पानोपानी दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, आणि नोटरी सगळ्यात शेवटी.

बँकेनं हा संच घेतला. काकांच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या चाव्यांचे नमुने मात्र विकले नाहीत, कापून मोडीत घातले. टेम्पो दिवसाउजेडी पाठवला, करारनाम्याची झेरॉक्स ड्रायव्हरजवळ देऊन.