ऑक्सफर्डला व्हॅक्सिन ट्रायलला जायचंय? मग आधी हे वाचा

इकडे नवीन आलेल्यांपैकी कोणीतरी हमखास विचारतं, ते जेनरवाले लस टोचून घ्यायला माणसं शोधतात तिथे आपण जाऊ शकतो का. जाऊ शकता, मी जाऊन आलेय.

पहिली गोष्ट, जेनर इन्स्टिट्यूट म्हणजे युनिव्हर्सिटीची लॅब, ऑक्सफर्डच्या हेडिंग्टन भागात ओल्ड रोड कॅम्पसवर, तिथे तुम्हाला कोणी सुई टोचत नाही. टोचतात ते जवळच्याच चर्चिल हॉस्पिटलच्या आवारातल्या क्लिनिकमध्ये. मी पहिल्या दिवशी लॅबच्या दारात जाऊन उभी राहिले होते, म्हणून सांगतेय 😄

त्यांच्या साइटवर चालू ट्रायल्सची यादी असते. आवडली की फॉर्म भरायच्या आधी इन्फर्मेशन शीट पूर्ण वाचायची, पानं बरीच असतात तरी वाचायची, कारण पुढे डॉक्टर त्यातलंच विचारतात, काही ट्रायल्समध्ये तर छोटी क्विझपण असते.

मग स्क्रीनिंग. रक्त, लघवी, बीपी, बायकांची प्रेग्नन्सी टेस्ट. तुमच्या जीपीकडून, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडून, जुनी हिस्ट्री मागवतात, आणि पासपोर्ट नंबर वगैरे घेऊन बघतात की तुम्ही एकाच वेळी दुसऱ्या ट्रायलमध्ये तर नाही ना. इथे खोटं बोलू नका. आपली मंडळी मलेरियाच्या ट्रायलला बऱ्याचदा इथेच गळतात, कारण आधी मलेरिया झाला असेल किंवा गेल्या सहा महिन्यांत मलेरिया असलेल्या भागात राहून आला असाल तर सहसा घेत नाहीत. "लहानपणी एकदा झालेला, थंडी वाजून ताप" हे आठवत असेल तर सांगून टाका, तुमच्या रक्तातला जुना हिशोब, म्हणजे आधीची प्रतिकारशक्ती, त्यांचा रिझल्ट बिघडवतो.

चॅलेंज ट्रायल हा शब्द दिसला तर थांबून नीट वाचा. मलेरियाच्या अशा ट्रायलमध्ये लस दिल्यावर मुद्दाम मलेरियाचा संसर्ग करतात, म्हणजे बऱ्याचदा अक्षरशः कपात ठेवलेले पाच डास हातावर चावून घ्यायचे, आणि मग काही दिवस सारखं जाऊन रक्त द्यायचं, परजीवी दिसले की लगेच गोळ्या. आईला फोनवर सांगू नका 🙏 पण अशाच कामातून आर२१ ही मलेरियाची लस पुढे आली, २०२३ मध्ये डब्ल्यूएचओने तिची शिफारस केली आणि ती बनवते कोण तर आपली पुण्याची सीरम. कोविशील्डचंही तेच, लस इथली, कारखाना हडपसर-मांजरीकडचा.

तुलनेसाठी दुसरा गट असलेल्या ट्रायलमध्ये तुम्हाला खरी लस मिळाली की दुसरी, हे सहसा कळणार नाही. कोविडच्या पहिल्या ट्रायलला, एप्रिल २०२० मध्ये, दुसऱ्या गटाला चक्क मेनिंजायटिसची लस दिली होती, कारण साधं सलाइन दिलं असतं तर हात न दुखल्यावर लोकांनी लगेच ओळखलं असतं.

टोचल्यावर थर्मामीटर आणि सूज मोजायला छोटी पट्टी देतात. रोज रात्री ताप, लाली किती मिलीमीटर, सगळं ई-डायरीत भरायचं. मला दुसऱ्या रात्री हुडहुडी भरली, सकाळी गायब. "एवढंसं काय लिहायचं" असं करू नका, त्यांना तेच हवं असतं. हात दुखतोय तर दुखतोय लिहा, वीर बनू नका.

पैसे मिळतात, वेळेचे, प्रवासाचे आणि त्रासाचे. पगार समजून जाऊ नका. मनात नसेल तर कधीही सोडता येतं, कारण द्यावं लागत नाही.

रक्त द्यायच्या दिवशी पाणी भरपूर प्या आणि उपाशी यायला सांगितलं नसेल तर खाऊन जा, मी चतुर्थीच्या उपवासात गेले आणि खुर्चीवरच डोळ्यापुढे अंधारी, नर्सने बिस्किटं खायला लावली, मोडला उपवास.

आणि भारताचं तिकीट काढायच्या आधी व्हिजिटच्या तारखा बघा. माझी अठ्ठाविसाव्या दिवसाची व्हिजिट नेमकी लक्ष्मीपूजनाला आली, तिकीट बदलायचे पैसे माझ्याच खिशातून गेले.