नांगर न लावता उतारावर मका: तयारी कापणीपासूनच

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या उतारावर विनानांगरणी मका करायचा तर तयारी मृगाच्या तोंडावर करून भागत नाही. ती आदल्या कापणीलाच सुरू होते. कणसं खुडली की ताटं उपटू नका. गुडघ्याइतकी उभी ठेवा, वरची वैरणीला न्या. मुळं जागच्या जागी कुजली की मातीत पोकळ वाटा राहतात, त्यातून पाणी मुरतं.

आता आच्छादन, म्हणजे जमीन झाकणाऱ्या काड्या, पाला. गेल्या हंगामात असा मका केला तेव्हा बाकी सगळं जमलं आणि नेमकं हेच राहिलं. दिवाळीनंतर गुरं मोकळी सुटतात, होळीपर्यंत शेतात काडी उरत नाही. उघड्या जमिनीवर नांगर न लावणं हा नुसता आळस. वळवाच्या सरीत वरची माती वाहून जाते, उरलेल्यावर खपली धरते आणि कोंब खालीच वाकतात. म्हणून गुराख्याशी आत्ताच बोला, काट्यांचं कुंपण घाला, वणव्यासाठी बांधालगतचा पट्टा झाडून ठेवा. निदान 30 टक्के जमीन झाकलेली हवी, उतारावर त्याहून जास्त. काड्या उताराला आडव्या पसरा, नाहीतर पहिल्याच पावसात सगळं ओढ्यात.

बियाणं, बीजप्रक्रिया (टोकणीआधी बियाण्याला औषध चोळणं) नेहमीसारखीच. दोन चांगले पाऊस झाले की उताराला आडव्या ओळी धरून 60 बाय 20 सें.मी.वर टोका, म्हणजे भोक पाडून बी टाका, 4-5 सें.मी. खोल. टोकण यंत्र नसेल तर पहार चालते. बी काडीत अडकू देऊ नका, मातीला टेकलं पाहिजे. भोक टाचेनं दाबा, कावळे टपलेले असतात.

आणि आच्छादन पुन्हा बघा! मे महिन्यात एकदा, टोकणीच्या आदल्या दिवशी एकदा. विरळ वाटलं तर पळसाचा पाला, वाळलं गवत, मिळेल ते आणून टाका. सुकी काडी कुजताना नत्र ओढून घेते, रोपं पिवळी पडतात. म्हणून नत्र खताच्या पहिल्या हप्त्याला हात आखडू नका.

तण विळ्यानं कापा, उपटू नका. मक्यात उडीद किंवा चवळी असेल तर अ‍ॅट्राझिन या तणनाशकाचं नावही काढू नका, जळून जातील.

उगवण झाली की पोंगे (शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं) उघडून लष्करी अळी बघत राहा. नत्राचे उरलेले हप्ते साधारण 30 आणि 45 दिवसांनी. रानडुकरांसाठी मचाण. खुडणी, वाळवणी नेहमीसारखी. कुंपण मात्र खुडणी संपायच्या आधी, नंतर नव्हे.