युद्धातला वारसा शिकताय? आधी सह्या तपासा

इतिहासात एम.ए. किंवा कायद्याची पदवी घेऊन युद्धात सांस्कृतिक वारसा कसा वाचवायचा या विषयाकडे वळणारी मुलं आता जळगाव-धुळ्याकडेही भेटतात. बामियान, पालमिरा, मोस्तारचा पूल ही युद्धकाळात उद्ध्वस्त झालेल्या वारशाची उदाहरणं तुम्हाला ठाऊक असणार, ती सोडतो.

माझा जीव खाल्ला तो करारांनी. युद्धात सांस्कृतिक वारशाचं रक्षण करण्यासाठीचा १९५४चा हेग करार आणि त्याचा १९९९चा दुसरा प्रोटोकॉल, म्हणजे जोडकरार, पाठोपाठ वाचले, की दोन्ही सगळ्यांना लागू आहेत असं वाटू लागतं. तसं नाही! भारताने १९५८ साली मूळ करार आणि पहिला प्रोटोकॉल स्वीकारला. दुसरा स्वीकारलेला नाही. मूळ कराराच्या कलम ४ मध्ये लष्करी निकड अटळ असेल तर संरक्षण बाजूला ठेवायची मुभा आहे, पण निकड कशाला म्हणायचं ते तिथे सांगितलेलं नाही. १९९९ने ती फट बुजवत आणली: वास्तूच्या वापरामुळे ती लष्करी लक्ष्य बनली असेल आणि दुसरा मार्गच नसेल, तरच हल्ला. म्हणजे हल्ला तोच, पण देश बदलला की उत्तर बदलतं. २०१६ साली मालीतल्या टिंबक्टूच्या कबरी पाडल्याबद्दल अल महदी या बंडखोराला ९ वर्षांची शिक्षा झाली ती रोम संविधीखाली, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या मूळ कराराखाली, आणि भारत तिचाही सदस्य नाही. म्हणून आधी वहीत लिहा: कोण लढलं, कधी, त्या तारखेला कोणी काय स्वीकारलं होतं. लढाई देशांतर्गत असेल तर हेग कराराचं कलम १९ उघडा. रूढ आंतरराष्ट्रीय कायदा, म्हणजे देशांच्या प्रथेतून बनलेले नियम, त्यानंतर.

तयार नोट्सवर विसंबाल तर फसाल, हे स्पष्टच सांगतो. मार्गदर्शकही मोठ्या नावाचा नको, तुमच्यासमोर मूळ कलम उघडणारा हवा.

घाबरू नका मात्र. करार युनेस्कोच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, दिल्ली गाठायची गरज नाही. आणि हेग कराराचं कलम ३ तर शांततेच्या काळातच तयारी करा म्हणतं! ती तयारी आपल्याकडे शिकता येते. साक्री तालुक्यातल्या बळसाण्याची मंदिरं घ्या. पुरातत्त्व खात्याला विचारून एकाच मूर्तीची नोंद करा: मापं, दगड, कुठे फुटलीय, शेजारी मोजपट्टी ठेवून चारी बाजूंचे फोटो. चोरीला गेलेली मूर्ती आपलीच हे सिद्ध करायला असलीच नोंद लागते. धुळ्याच्या राजवाडे मंडळात जाऊन जुनी कागदपत्रं कशी सांभाळतात तेही बघा. तुमच्या नोंदीची दुसरी प्रत मात्र पहिली प्रत असलेल्या इमारतीतच ठेवू नका.