प्रभागाच्या मतदार यादीवर हरकत कशी घ्यावी

महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, पण तो स्वतःची मतदार यादी बनवत नाही. विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडली जाते. हे फोडण्याचं काम पालिकेचे कर्मचारी करतात, म्हणून इथे लक्ष घालणं आम्हाला मोलाचं वाटतं.

आधी विधानसभेच्या यादीत नाव शोधून भाग क्रमांक आणि अनुक्रमांक टिपा. तिथेच नाव नसेल तर पालिकेत खेटे घालून उपयोग नाही. नव्या नावासाठी नमुना ६, दुरुस्तीसाठी नमुना ८ मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे द्या. आयोगाने ठरवलेल्या तारखेनंतरची नोंद पालिकेच्या यादीत धरली जात नाही, म्हणून निवडणुकीची वाट पाहू नका.

विधानसभेच्या यादीत नाव आहे, पण पालिकेच्या प्रारूप यादीत, म्हणजे हरकतींसाठी आधी जाहीर होणाऱ्या कच्च्या यादीत, ते भलत्याच प्रभागात गेलंय? मग पालिकेत हरकत घ्या. हा घोळ बहुधा हद्दीवर होतो: रस्त्याच्या दोन बाजू दोन प्रभागांत, आणि यादीचा अख्खा भाग एकीकडेच टाकलेला. अर्जाला पत्त्याचा पुरावा आणि प्रभागरचनेच्या अधिसूचनेतलं हद्दीचं वर्णन जोडा. मुदत थोडक्या दिवसांची असते. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.